आदर्श बाळंतीण

"बाळाला पहिलं दूध कधी पाजलं?"

"अर्ध्या तासात."

"अर्ध्या तासात नव्हे गं. 'अर्ध्या तासाच्या आत.' आत म्हणायला विसरू नकोस."

"अर्ध्या तासाच्या आत," वैजू म्हणाली.

"मध, गूळपाणी, घुटी काही दिलं?"

"काही नाही. फक्त आईचं दूध. सहा महिने."

"शाब्बास. आणि तुला स्वतःला काही त्रास?"

"काही त्रास नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेते."

पोरगी हुशार होती. बारावी झालेली होती, दोनदा सांगितलं की पाठ. मी समाधानाने कागदावर बरोबरची खूण केली. मंगळवारची सकाळ होती. बाळंतिणीच्या खोलीत खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याचा धूर. वैजूच्या शेजारी तीन दुपट्यांत गुंडाळलेलं चार दिवसांचं बाळ. त्याचं फक्त नाक दिसत होतं.

तेव्हा मी खडकुंबे गावच्या उपकेंद्राची नर्स होते. गावात मला बनसोडे सिस्टर म्हणत. अकरा वर्षं नोकरी झाली होती आणि गरोदर बाईच्या नुसत्या चालीवरून महिना सांगते असा माझा लौकिक होता. लौकिक मीच पसरवलेला असला तरी अगदीच खोटा नव्हता.

त्या वर्षी 'आदर्श माता-बालक गाव' नावाची स्पर्धा निघाली. पुण्याहून पथक येणार, गाव बघणार, ढाल देणार. ढाल आमच्या गावाला मिळावी असं सरपंचांना वाटत होतं, सरपंचांना वाटतं म्हणून तालुक्याला वाटत होतं आणि तालुक्याला वाटतं म्हटल्यावर मला वाटून घ्यावंच लागलं. तीन आठवडे गावात आरोग्याला नुसतं उधाण आलं. उपकेंद्राला गुलाबी रंग दिला. सरपंचांच्या घरासमोरच्या भिंतीवर बाळाला पाजणारी आई रंगवली. पेंटर एरवी सिमेंटच्या जाहिराती रंगवायचा, त्यामुळे बाळ जरा दणकट झालं होतं. मी सकाळी तक्ते चिकटवायची, दुपारी जुनी रजिस्टरं नव्या शाईत उतरवायची, संध्याकाळी शाळेच्या मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्यायची. घरभेटी बंद होत्या. कोणाचे पाय सुजले, कोणाला चक्कर आली, ते आम्ही पथक गेल्यावर बघणार होतो.

माझ्या वरच्या अधिकारी देवकुळेबाई. तीस वर्षांची सेवा, मोत्यासारखं अक्षर. त्यांच्या रजिस्टरात बाळं कशी रांगेत वाढायची. पहिल्या आठवड्यात कुठल्याही बाळाचं वजन थोडं उतरतं, ही निसर्गाची रीत आहे. देवकुळेबाईंच्या रजिस्टरात निसर्गाला प्रवेश नव्हता.

पथकाला एक ताजी बाळंतीण दाखवायची होती. नेमकी आदल्या शनिवारी सरपंच भाऊसाहेब शितोळ्यांची लेक, पहिलटकरीण वैजयंता, तालुक्याच्या खासगी दवाखान्यात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी माहेरी आली. मुलगा. हॉस्पिटलच्या कागदावर वजन अडीच किलो.

"देवानेच पाठवली," देवकुळेबाई म्हणाल्या. "घर चांगलं, फरशी चांगली, पोरगी शिकलेली. तू फक्त जाऊन तिच्याकडून उत्तरं बसवून घे."

म्हणून मी गेले होते.

उत्तरं बसली तशी मी बाळाकडे वळले. दुपट्याला हात लावणार तोच वैजूची आई, सगळं गाव जिला माई म्हणायचं, दारातून म्हणाली, "असू द्या वो सिस्टर, निजलंय. लई शाणं लेकरू. चार दिस झालं, रडल्याला आवाज न्हाय घरात."

मी म्हणाले, "गुणाचं आहे हो."

वैजूचे गाल लालबुंद दिसत होते. "बाळंतपण मानवलंय तुला," असंही मी म्हणाले. आज कौतुक करायचा माझा दिवस होता.

वजनाचा काटा उपकेंद्रात खिळ्याला टांगलेला होता, त्याला तेलपाणी करून शोभेला ठेवला होता. तो काढून इथवर आणायचा, दुपटी सोडायची, झोपलेल्याला उठवायचं. मी कार्ड काढलं आणि वजनाच्या रकान्यात दोन किलो सातशे लिहिलं. चार दिवसांत दोनशे ग्रॅम वाढ. देवकुळेबाईंनी बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या कामावर खूश होऊन त्या म्हणाल्या, "आता शिकलीस."

बुधवारी अकराला दोन जीप आल्या. त्या दिवशी बाळाची पाचवीही होती, त्यामुळे सरपंचांच्या दाराला तोरण लागलं ते नेमकं कोणासाठी, हे कोणाला विचारावं लागलं नाही. जीपना हार घातले. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पथकाच्या प्रमुख डॉ. बर्वे नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, बोलायला कमी. त्यांनी शिऱ्याची बशी हातात घेतली आणि अर्धा तास तशीच धरून ठेवली. जिल्ह्याचे साहेब मात्र दोनदा शिरा घेऊन म्हणाले, "या गावात कुपोषण असणं शक्यच नाही."

मग सगळे बाळंतिणीच्या खोलीत. मला आठवतं, खोलीत आम्ही नऊजण होतो. माईने शेगडी हलवली होती, खिडकी उघडली होती, वैजूला जरीकाठी साडी नेसवली होती.

"पहिलं दूध कधी पाजलं बाळा?" बर्वेबाईंनी विचारलं.

"अर्ध्या तासाच्या आत."

"त्याआधी मध वगैरे?"

"काही नाही. फक्त आईचं दूध. सहा महिने."

साहेबांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे. मी खाली बघितलं, विनयाने.

"छान," बर्वेबाई म्हणाल्या. "सिस्टर, बाळाचं वजन करून दाखवा."

हे कार्यक्रमात होतंच. पाळण्याच्या कडीला मी काटा अडकवला, झोळी लावली. देवकुळेबाई कार्ड उघडून माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी बाळ उचललं.

पहिलं दुपटं काढलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. कुंची सोडली, झबलं सोडलं. दर थराला बाळ लहान होत गेलं. शेवटी माझ्या हातात जे उरलं ते हळदीच्या रंगाचं होतं. ओठ कोरडे. पोटावरची कातडी चिमटीत धरली, ती सोडल्यावरही तशीच उभी राहिली. तळव्याला टिचकी मारली. कुठलंही बाळ टिचकीला पाय आखडतं. याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मी त्याला झोळीत ठेवलं. काट्याची सुई हलली आणि थांबली.

"दोन किलो..." मी म्हणाले.

"सातशे," देवकुळेबाई मागून म्हणाल्या. त्यांचं पेन कार्डावर टेकलेलंच होतं.

खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिले. दहा आकडे मोजून होतील इतका वेळ. एवढ्या वेळात माणूस काय काय विचार करतो! क्वार्टर, बदली, धाकट्याची शाळा, भाऊसाहेबांचा राग. पथक जेवून गेलं की गुपचूप येऊन बघू, हेही मनात आलं. तीन आठवडे आम्ही तेच तर करत होतो.

"शंभर," मी म्हणाले. "दोन किलो शंभर. जन्मताना अडीच होतं. चारशे ग्रॅम उतरलंय. बाळ सुकलंय, बाई. याच्या पोटात दूध गेलेलंच नाही."

खोलीत सगळ्यांना एकदम काट्याची काळजी वाटू लागली.

"काटा बिघडलाय," भाऊसाहेब म्हणाले.

"उन्हाळ्यात स्प्रिंग सैल पडते," साहेबांनी शास्त्रीय कारण दिलं.

"नवा काटा मागवलाय, सर," देवकुळेबाई म्हणाल्या. असा काही काटा कोणी मागवला नव्हता.

बर्वेबाईंनी कार्ड हातात घेतलं. "कालची नोंद दोन सातशे आहे. कोणी लिहिली?"

"मी."

"कुठल्या काट्यावर?"

"काट्याविना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली आणि बाळाच्या छातीवर दोन बोटं टेकवली.

मी वैजूच्या कपाळाला हात लावला. कपाळ चांगलंच तापलं होतं. कालची लाली कसली, ते हाताला कळलं. पदराआडून छातीला हात लावला तर दगड. ती कळवळून मागे सरली.

"वैजू, ताप कधीपासून आहे?"

तिने आधी आईकडे बघितलं, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. आणि नीट, एकही शब्द न चुकता म्हणाली, "काही त्रास नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेते."

साहेब मान डोलावून म्हणाले, "बघा, मुलगी स्वतः सांगतेय."

माईच तेवढी खरं बोलली. "पयल्या तीन दिसाचा चीक कुणी पाजतं व्हय? जड असतोय त्यो. पिळून टाकायला लावला म्या. मध चाटवला, गूळपाणी दिलं. काल पाजाय घेतलं, तर ह्येनं तोंडच लावलं न्हाई. म्हटलं पोट भरल्यालं आसंल."

"तोंड लावायची ताकद राहिली नाही, माई," मी म्हणाले. "आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. दोघांना."

"आज पाचवी हाय! आज बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा न्हाय. रातीला सटवाई येती."

"नेऊ ना," भाऊसाहेब म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? माझी गाडी आहे. सत्काराचा कार्यक्रम उरकू, पाहुण्यांची जेवणं होऊ द्या, चार वाजता नेऊ. पंगत मांडलीय, सिस्टर. दोनशे माणूस आहे बाहेर."

"पथकाला तीन वाजता पुढचं गावही आहे," साहेबांनी घड्याळ बघून सांगितलं.

"माझी जीप घ्या," बर्वेबाई म्हणाल्या. "आणि मी येतेय."

भाऊसाहेबांचा आवाज उतरला, म्हणजे धोका वाढला. "सिस्टर, माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर, तुम्ही माझ्या लेकीचं लेकरू टांगून दाखवलंत. आता सरकारी जीपमधून तिची वरात काढणार? चार वाजता म्हटलं ना मी."

साहेब पुन्हा घड्याळ बघू लागले. मी झोळीची दोरी धरून उभी होते. माझा शूरपणा त्या एका आकड्यात संपला होता.

वैजू उठली. बाजेच्या कडेला धरून उभी राहिली. जरीची साडी तिला जड होत होती. ती काट्यापाशी आली, झोळीतून बाळ स्वतः उचललं आणि मला म्हणाली, "ह्याला कसं धरू?"

मी ब्लाउजची बटणं सोडून बाळ तिच्या उघड्या छातीशी लावलं, वरून शाल गुंडाळली. ती चालू लागली. माई उंबऱ्यात आडवी उभी होती. वैजू तिच्यासमोर जाऊन थांबली. माईने शालीतल्या बाळाकडे बघितलं. मग तीच बाजूला झाली.

अंगणात पंगतीसाठी बसलेल्या लोकांना वाटलं, बाळाला पथकाबरोबर फोटोला नेतायत. दोघांनी टाळ्यापण वाजवल्या.

जीपला झेंडूचे हार तसेच होते. तालुका बावीस किलोमीटर. निघताना मी स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्यातून काढलेली वाटी आणि चमचा घेतला होता. मागच्या सीटवर वैजू पाठीला टेकून बसली, मी तिचं दूध हाताने पिळायला लागले. तिला इतक्या वेदना होत होत्या की तिने शालीचं टोक दातांत धरलं. पण दूध आलं. पिवळट, दाट. वाटीच्या तळाला दोन चमचे जमले, तेवढं मी बाळाच्या ओठांच्या कडेला थेंबथेंब लावलं. पहिले थेंब बाहेर ओघळले. बर्वेबाईंनी मान जरा उचलून धरली. पुढचा थेंब गेला. गळा हलला.

"गिळलं," बर्वेबाई म्हणाल्या. त्या साऱ्या सकाळी त्यांच्या आवाजात जीव आलेला मी तेव्हाच ऐकला.

वाटेतल्या वाडीत लोकांनी हारवाली जीप बघून हात जोडले. कोणीतरी मंत्री समजून "विजय असो" म्हटलं. मी चमचा धरून होते. पाचवा, सहावा, सातवा. घाटाच्या वळणावर शालीतून आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा, अगदी बारीक.

"रडतंय वाटतं," ड्रायव्हर दयेने म्हणाला. "गाडी हळू घेऊ का?"

"रडू दे," आम्ही तिघी एकदम म्हणालो.

सरकारी रुग्णालयात बाळाला लगेच सलाइन लागलं, काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं. वैजूची छाती पिकायच्या बेतात होती, तिला इंजेक्शनं सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "हे काल कोणी पाहिलं नव्हतं का?" बर्वेबाई शेजारी होत्या. मी म्हणाले, "पाहिलं होतं. मी." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं नाही.

तीन दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. ती मी वहीत जपून ठेवली आहे, कारण सरकारी मराठीचा इतका चांगला नमुना पुन्हा बघायला मिळाला नाही. 'वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता मान्यवरांच्या समक्ष प्रत्यक्ष वजन जाहीर केल्यामुळे कार्यालयाच्या प्रतिमेस बाधा पोहोचली आहे.' खोटं वजन लिहिल्याबद्दल एक शब्द नव्हता. त्याला बाधा म्हणत नसत, त्याला कामकाज म्हणत. मी खुलाशात उलटं लिहिलं. काट्याविना वजन लिहिलं हा माझा गुन्हा आहे, शिक्षा त्याची करावी. या गुन्ह्याला कुठलं कलम लावायचं ते ऑफिसात कोणालाच सापडेना. शेवटी त्यांनी माझी बदली केली आणि कारण 'प्रशासकीय' असं लिहिलं.

ढाल शेजारच्या गावाला मिळाली. आमच्या गोंधळामुळे पथकाचे उरलेले लोक तिथे उशिरा पोहोचले आणि त्यांना एकही बाळ बघायला वेळ मिळाला नाही. त्यामुळे त्या गावात काही दोष आढळला नाही.

देवकुळेबाई निरोप द्यायला उपकेंद्रात आल्या. गुलाबी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सहाशे ग्रॅमचा तर प्रश्न होता गं. गिळता आला नाही तुला." माणूस वाईट नव्हता. पुढे शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाल्या, निष्कलंक.

बदलीच्या गावी हजर होण्याआधी मी रुग्णालयात गेले. त्यांना दाखल करून आठवा दिवस होता. दुपारची वेळ, वॉर्डात पंखा फिरत होता. माई बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती. मला बघून तिने पदर सावरला, उठली आणि आपली जागा मला दिली. भाऊसाहेब रोज येत, पण मी असताना कधी आले नाहीत.

बाळ वैजूच्या अंगावर पीत होतं. चुरुचुरु आवाज येत होता. सकाळी वजन दोन किलो साडेतीनशे भरलं होतं. नर्सने सांगितलं, पण मी पुन्हा करून घेतलं. तेवढंच भरलं.

"मी जातेय वैजू," मी म्हणाले. "बदली झाली. तुझी माफी मागायची होती. तुला काल-परवा... म्हणजे त्या मंगळवारी मी नीट बघितलं असतं, तर..."

"बघायचं राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. बाळाच्या डोक्यावरून तिचा हात फिरत होता. "त्या दिवशी तुम्ही येणार म्हणून मी सकाळपासून वाट बघत होते, सिस्टर. म्हटलं, आई ऐकत नाही, वडिलांना सांगता येत नाही, पण सिस्टर विचारतीलच. त्यांचं कामच ते आहे. विचारलं की सगळं सांगायचं असं ठरवून ठेवलं होतं."

तिने बाळाचं झबलं नीट केलं.

"तुम्ही आलात आणि प्रश्नांच्या आधी उत्तरंच दिलीत."

वरचा पंखा करकरत होता. माई खिडकीशी उभी होती, तिने मान वळवली नाही. नव्या गावची बस तीनची होती. मी पर्स बाकावर ठेवली, चपला काढल्या, पाय वर घेऊन बसले.

"तुला काय काय होत होतं?" मी विचारलं.

तिने बाळ दुसऱ्या बाजूला घेतलं आणि सांगायला लागली. शनिवारी पहाटे त्याने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड वळवलं होतं, तिथपासून. तीनची बस गेली. साडेचारची गेली. मी मध्ये एकदाही बोलले नाही.